गरबा सरळ, कान उलटा

कार्टूनमध्ये चुका असतात हे मला कळतं. एवढी खुळी मी नाही. जिना चढताना आजोबांच्या सदऱ्याला खिसा असतो आणि उतरताना नसतो. खिडकीतून आत येणारं मांजर राखाडी असतं, आणि दुधाच्या भांड्यापाशी पोचेपर्यंत तपकिरी होतं. ताटातला पेढा खाल्ला तरी ताट भरलेलंच राहतं. असं काही दिसलं की मी लेकीला कोपराने ढोसायची, नाहीतर ती मला, आणि आम्ही दोघी खिदळायचो. संध्याकाळचा तो आमचा खेळच होता. तेव्हा ही बाई एवढंसं कार्टून काय मनावर घेते, असं मला कुणी सांगू नये. शेकडो चुका मी हसून सोडून दिल्या आहेत. एक सोडलेली नाही आणि सोडणारही नाही.

माझ्या लेकीला डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. उजवा कान ठणठणीत आहे, त्यामुळे बरेच दिवस आम्हाला पत्ताच नव्हता. हाक मारली की ही कधी ओ द्यायची, कधी नाही, आणि आम्ही समजत होतो की पोरगी हट्टी आहे, आईवर गेली आहे. बालवाडीतल्या बाईंनी शेवटी सांगितलं की एकदा तपासून घ्या. तपासलं आणि कानाचं मशीन घ्यायचं ठरलं. त्यावर इथेच बडोद्यात, दांडिया बाजारात माझ्या माहेरी सुतकी चेहऱ्याने बैठक बसली. एका मावशीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "केस लांब वाढव तिचे. वरून सोडलेस तर कुणाला दिसायचंही नाही." आमचे पूर्वज संस्थानी सरकारच्या फौजेत होते. तलवारी कधीच गेल्या, पण तोंडं तेवढी शाबूत राहिली आहेत. मावशीला मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतरच्या दिवाळीत तिने मला फराळाला बोलावलं नाही एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

बोलायला मी शूर होते, पण मशीन घालायचं होतं लेकीला. सुरुवातीला ती ते काढून सोफ्याच्या फटीत टाकायची. शाळेच्या बसमध्ये मुलं विचारायची, "इयरफोन लगाके आई है?" दुकानात बायका आधी कानाकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि मग च् च् करायच्या. रोज सकाळी आमचं युद्ध व्हायचं आणि रोज सकाळी दोघींपैकी एकजण रडायची. पुष्कळदा मीच.

मग टीव्हीवर ती मुलगी आली. एका कार्टूनमधली, हिच्याएवढीच, दोन शेंड्या घातलेली, आगाऊ. तिच्या डाव्या कानामागे नारिंगी रंगाचं मशीन होतं. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. तिच्यावर कुणाला दया येत नसे, उपदेशाचे डोस नव्हते. ती झाडावर चढायची, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला अंघोळ घालायची, आणि कानामागे ते नारिंगी असायचं, जसा कुणाला चष्मा असतो. लेक पहिल्यांदा ते बघताना टीव्हीच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. "आई, हिला पण आहे! माझ्याच कानात!" आमच्या घरी त्या मुलीचं नाव मशीनवाली पडलं. पुढच्या वेळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी कातडीच्या रंगाचं, मुळीच न दिसणारं मशीन पुढे केलं. लेकीने मान हलवली आणि नारिंगीवर बोट ठेवलं. त्या दिवसापासून सकाळचं युद्ध संपलं. ती स्वतः डबीतून मशीन काढायची, कानाच्या मापाचा साचा आत बसवायची, आणि आरशात बघून केस मागे सारायची. म्हणजे मशीन नीट दिसावं म्हणून.

त्या कार्टूनवाल्यांनी माझ्यावर केवढे उपकार केले होते हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याची चीड जास्त आली.

नवरात्राच्या थोडं आधी त्यांचा गरब्यावरचा भाग लागला. मशीनवाली चणिया-चोळी घालून गरब्याला जाते, तिथे तिच्या मैत्रिणीची पिशवी हरवते, ती शोधून देते, अशी काहीतरी गोष्ट होती. लेकीने आठवडाभर वाट पाहिली होती. आमच्या समा भागातल्या सोसायटीत संध्याकाळी लहान मुलांचा वेगळा गरबा असतो आणि त्यात ती पहिल्यांदाच जाणार होती. नवरा रिफायनरीतली शिफ्ट संपवून आला होता, चहा पीत होता. मी मेथी निवडत होते.

घरातून निघताना मशीन डाव्या कानात होतं. गरब्याचा गोल सुरू झाला आणि ते उजव्या कानात गेलं. मी लेकीला कोपराने ढोसलं. ती हसली नाही. ती उठून टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली, मान वळवून बघायला लागली, त्या मुलीसारखी उभी राहून आपला डावा कुठला हे ताडून बघायला लागली. तेवढ्यात पडद्यावर त्या मुलीचा चेहरा मोठा झाला. कानात हा एवढा चंदेरी झुमका डोलतोय, डोळे चमकतायत, आणि मशीन नाही. डावाच कान होता. नुसता झुमका. ती गाण्यावर टाळ्या देत फिरत होती. नंतर प्रसाद वाटताना मशीन परत डाव्या कानामागे हजर झालं, जसं काही घडलंच नाही.

लेक माझ्या शेजारी आली. निवडलेल्या मेथीचा एक देठ उचलून त्याचे तुकडे करत बसली. थोड्या वेळाने ती आतल्या खोलीत गेली आणि किंचाळली. मी धावले. तिने डाव्या कानाचा साचा उजव्या कानात कोंबायचा प्रयत्न केला होता. तो बसणार कसा, तो डाव्या कानाच्या मापाचा. कानाची कड सोलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मशीन डबीतच राहिलं. "गरब्याला नाही घालायचं," लेक म्हणाली. मी म्हटलं, आज कुठे गरबा आहे, आज शाळा आहे. ती म्हणाली, "ती काढते. छान दिसायचं असलं की काढते. आणि तिला तरी ऐकू येतं. तिचं खोटं आहे, आई. नुसतं चिकटवलंय."

मी समजावलं, रागावले, लालूच दाखवली. शाळेत घालून पाठवलं तर ते दप्तरातून परत आलं. नवरा स्वभावाने गार. तो म्हणाला, "जवा दे ने. जाऊ दे, चार दिवसांनी विसरेल." मी त्याला सोसायटीच्या पटांगणात नेलं आणि गरबा कसा चालतो ते दाखवलं, जसं काही त्याने जन्मात पाहिला नव्हता. मध्याकडे तोंड करायचं आणि उजवीकडे सरकत जायचं. म्हणजे मागून येणारा प्रत्येक माणूस डावीकडून येणार. टाळी, हाक, सरक, वाट दे, सगळं डावीकडून. मशीन नसलं तर तिला त्यातलं काहीही ऐकू येणार नाही, आणि कुणीतरी मोठी दांडगट मुलगी तिला तुडवून पुढे जाईल. ती पडेल आणि गरबाही सोडेल, मशीनही सोडेल. नवऱ्याने दोन पावलं उजवीकडे सरकून बघितलं. मग म्हणाला, "तू काय करणार आहेस?" त्याच्या आवाजात थोडी भीती होती.

मी तो भाग परत लावला आणि शेवटची बारीक अक्षरांची नावं रिमोटने थांबवून वाचली. वाटलं होतं, मुंबईचं किंवा परदेशातलं कुणीतरी असेल, त्यांना गरबा काय माहीत आणि कान काय माहीत. खाली वडोदरा लिहिलेलं होतं. क्षणभर मला अभिमानच वाटला की आपल्या बडोद्याच्या मुलांनी केलंय. मग तळपायाची आग मस्तकात गेली. पत्ता शोधला तर फतेगंजात. माझ्या ऑफिसच्या वाटेवर.

शनिवारी लेकीला स्कूटरवर मागे बसवून मी तिथे गेले. तिला ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न होताच, शिवाय मनातून मला वाटत होतं की त्यांनी तिला बघावंच. खाली शेवउसळीचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ. चपला बाहेर काढायच्या होत्या. आत थंडगार एसी, ओळीने संगणक, भिंतींवर चित्रं. एका चित्रात मशीनवालीही होती, डावा कान पुढे करून. लेक त्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. पस्तिशीतला एक दाढीवाला माणूस हसत पुढे आला.

"एडमिशन माटे आव्या छो, बेन?"

ते उन्हाळ्यात ॲनिमेशनचे वर्ग घेत असत, त्यातली एखादी आई असं त्याला वाटलं. मी म्हटलं, ॲडमिशनसाठी नाही, भांडायला आले आहे. हे मी मराठीत म्हटलं. गुजरातीत मी भांडू शकत नाही. दर वाक्यात बेन आणि भाई घालावं लागतं आणि राग अर्ध्यावर विरघळतो. त्याला मराठी कळत होतं. फतेगंजात वाढलेला, त्याचे निम्मे मित्र आमच्यातलेच असणार. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. तो सगळ्या कामावर देखरेख करणारा होता आणि माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, गरब्याच्या सीनमध्ये तिचं मशीन उजव्या कानात गेलं आहे. त्याने संगणकावर तो भाग काढला, बघितला, आणि कपाळावर हात मारून हसला. "अरे हां! ते असं झालं, बेन." मग त्याने मोठ्या उत्साहाने मला सांगितलं की काय झालं होतं. नव्या मुलांनी गोल उलटा काढला होता. सगळं काम होत आलं तेव्हा लक्षात आलं. "गरबो ऊंधो फरतो हतो, बेन! वडोदरामां बनेलुं ने गरबो ऊंधो? लोको हसे आपणा पर." गरबा उलटा फिरणं म्हणजे केवढी नामुष्की! परत काढायला वेळ नव्हता. म्हणून त्यांनी आख्खा सीन आरशात दिसावा तसा फिरवला. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. गरबा सरळ झाला.

"मग ओढण्या?" मी विचारलं. कारण पडद्यावर ओढण्या बरोबर उजव्या खांद्यावरून पुढे आलेल्या होत्या, गुजराती पदर येतो तशा. चित्र फिरवलं तर त्या डाव्या खांद्यावर जायला हव्यात, आमच्या पदरासारख्या.

त्याचे डोळे चमकले. "तमे बरोबर पकड्युं!" तसंच झालं होतं म्हणे. सगळ्या गरबा खेळणाऱ्या बायका मराठी होऊन बसल्या होत्या. स्टुडिओतल्या मुलींनी ते बघितलं आणि हसून हसून पुरेवाट झाली. मग त्यांनी बसून एकूण एक ओढणी परत उजव्या खांद्यावर आणली. मांडवावरची अक्षरं उलटी झाली होती, ती सरळ केली. एका म्हाताऱ्याचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं होतं, ते सुद्धा डाव्यावर आणलं.

"म्हाताऱ्याचं घड्याळ दिसलं?" मी म्हटलं.

"हा, कारण की ते..." आणि तो थांबला.

मला आठवतं, माझा आवाज चढला तेव्हा आजूबाजूची कीबोर्डची टकटक बंद झाली. मी म्हटलं, तुम्हाला गरबा दिसला, ओढणी दिसली, कोण कुठला तो म्हातारा, त्याचं मनगट दिसलं. ज्या मुलीच्या नावावर तुमचं दुकान चाललंय तिचा कान दिसला नाही? गरबा उलटा फिरला तर बडोदं हसेल म्हणून घाबरलात. मशीन उलट्या कानात गेलं तर कोण हसणार, बहिरी पोरं? त्यांना काय समजतंय, असंच ना?

"एवुं नथी, बेन," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "एनुं तो ध्यानच नाही राहिलं. आणि खरं सांगू, एक पण तक्रार नाही आली."

"ही आली," मी म्हटलं. "आणि पुढे चला. चेहरा मोठा होतो तिथे."

त्याने ते चित्र आणलं. झुमका डोलत होता. मी विचारलं, इथे तर चित्र फिरवलेलंही नाही, इथे मशीन कुठे गेलं? त्याने आवाज खाली आणला. मशीनची नळी आणि झुमका एकमेकांवर येत होते, म्हणाला. गिचमिड दिसत होतं. "झुमको सारो देखाय ने, एटले." झुमका चांगला दिसावा म्हणून. त्याने माऊसने एक खूण पुसली आणि मशीन परत उगवलं, परत खूण केली आणि मशीन गेलं. एवढं सोपं होतं ते. बोटाच्या एका दाबात.

मला त्या क्षणी मावशी आठवली, केस वाढव म्हणणारी. ती निदान जुन्या काळातली होती.

"आटली नानी वात माटे..." तो पुटपुटायला लागला, आणि एवढीशी गोष्ट या शब्दांवर मी खुर्चीतून उठले. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, पण बरं नक्कीच नव्हतं. ते बोलायचं राहून गेलं, कारण लेक भिंतीपाशी नव्हती. ती कधी येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली ते कळलंच नव्हतं. तिने किती ऐकलं होतं तेही कळायला मार्ग नव्हता, मशीन माझ्या पर्समधल्या डबीत होतं. ती पडद्याकडे बघत होती. मग तिने त्या माणसाला विचारलं, शाळेत बोलते त्या स्वच्छ गुजरातीत:

"तो पछी एणे गीत केवी रीते सांभळ्युं?"

मग तिने गाणं ऐकलं कसं? तक्रार नव्हती ती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. तिच्या रिकाम्या कानाकडे, सोललेल्या दुसऱ्या कानाकडे. शेजारच्या टेबलावरची मुलगी आपल्या हातांकडे बघायला लागली. एवढी माणसं त्या चित्रावर दिवसच्या दिवस बसली होती आणि हा प्रश्न त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"तिने का काढलं?" लेकीने विचारलं. "छान दिसायला?"

तो खुर्चीतून उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला. बसताना तो तिच्या उजव्या बाजूला सरकला, हे मी पाहिलं. "ना बेटा," तो म्हणाला. "एणे नथी काढ्युं. अमे भूली गया. आम्ही विसरलो घालायला."

"म्हणजे तिने नव्हतं काढलं?" लेक आता माझ्याकडे बघून मराठीत विचारत होती.

तो खोटं बोलत होता. विसरले नव्हते. नुकतंच त्याने मला सांगितलं होतं की मुद्दाम काढलं. खोटं माझ्याच्याने ऐकवत नाही. भाजीवाला, बँकवाला, नवरा, कुणाचंही खोटं मी तिथल्या तिथे पकडते, त्यासाठीच मी प्रसिद्ध आहे. तो माणूस मान वर करून माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "तिने नव्हतं काढलं."

निघताना त्याने आमचा पत्ता घेतला, लेकीला मशीनवालीचं एक मोठं चित्र दिलं. पुढच्या भागांत लक्ष ठेवू म्हणाला. हा भाग मात्र वाहिनीकडे गेलेला, आता त्यात काही बदलता येणार नाही. मी त्याचे आभार मानले नाहीत. जिना उतरून आलो, शेवउसळीच्या वासात मी स्कूटर काढत होते, तेव्हा लेकीने माझी पर्स ओढली. "मशीन दे." रस्त्यातच तिने ते घातलं. साचा नीट बसला की ती एक डोळा मिटते, तसा मिटला. मग चित्राची गुंडाळी छातीशी धरून मागे बसली आणि घरापर्यंत बडबडत राहिली. किती विसरभोळे लोक आहेत ते! एवढे मोठे होऊन!

नवरात्राआधी मी तिला झुमके घेऊन दिले. त्या कार्टूनमधल्यापेक्षा मोठे, मुद्दाम. डाव्या कानात झुमका आणि मशीन दोन्ही घालून तिला आरशासमोर उभी केली. झुमका पाळीत लोंबतो, मशीन वर कानामागे बसतं, नळी मधून आत जाते. चांगली जागा उरते. कुणी एकदा खऱ्या कानाकडे पाहिलं असतं तर कळलं असतं. सोसायटीच्या गरब्यात ती फिरली, डावीकडून येणाऱ्यांना वाट देत, एकदाही न पडता. मी बाहेर उभी राहून प्रत्येक फेरीला डावीकडून हाक मारत होते. तिसऱ्या का चौथ्या फेरीला ती खेकसली, "आई, ऐकू येतंय मला! मला खेळू दे!"

तो भाग ते दर नवरात्रात परत लावतात. लेक आता मोठी झाली आहे, कार्टून फारसं बघत नाही, पण तो लागला की येऊन बसते. चेहरा मोठा होतो, झुमका डोलायला लागतो, आणि ती टीव्हीवर ओरडते, "अगं, मशीन राहिलं!" अगदी मी पूर्वी सकाळी ओरडायचे त्या सुरात. मग हसते आणि नकळत स्वतःच्या कानामागे बोट लावून बघते. "भुलकणे," विसरभोळे, असं त्या लोकांना म्हणते, मायेने.

मी हसत नाही. ते विसरले नव्हते हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण ती माझीच मुलगी आहे, हुशार आहे, आणि कधीतरी एका नवरात्रात त्या झुमक्याकडे बघता बघता तिचं तिलाच कळेल की तो जरा जास्तच छान दिसतो आहे. तेव्हा ती चिडेल. त्या माणसावर चिडेल, माझ्यावरही चिडेल. चिडू दे. मी तिला जवा दे ने म्हणणार नाही.